आजीच्या मावलीला रंग द्यावा का? (आणि अशा मूर्ती घडवायचं कोण?)

दर्यावर्दी
नमस्कार मंडळी. मी वसईचा, ख्रिस्ती कोळी. आमच्या जुन्या घरात देव्हाऱ्यासारखं एक काचेचं कपाट आहे. त्यात मारिया मावलीची लाकडी मूर्ती आहे, साधारण १४ इंचांची. आजीच्या सासूच्याही आधीपासून घरात आहे, एवढंच ठाऊक. अंगावर झगझगीत निळा झगा, हात जोडलेले, नाकाचा शेंडा उडालेला. पायाखाली चंद्रकोर आणि तीन गुबगुबीत पोरांची नुसती मुंडकी. पाठ एकदम सपाट. डोक्यावर मधोमध एक भोक, त्यात माझी काडेपेटीची काडी आरामात बसते.

डिसेंबरात घराचं काम काढलंय. रंगारी म्हणाला, "दादा, ही पण करून देतो, नवी कोरी दिसेल." आत्या म्हणते, दे. बायको म्हणते, हात लावू नकोस. मध्येच एक जुन्या सामानवाला येऊन गेला. न विचारता किंमत सांगून गेला, म्हणून संशय आला.

तर प्रश्न दोन. रंग द्यावा का? आणि ही आली कुठून असेल? लहानपणी आम्हाला सांगायचे, "पोर्तुगालवरनं जहाजातनं आली."

खवचट_खान
न विचारता किंमत सांगितली म्हणजे खरी किंमत त्याच्या दसपट. माझी फी दोन पापलेट.

मधुरा_के
रंगाऱ्याला आधी हाकला, मग पुढचं वाचा.

मी म्हापशाची. पायाखाली चंद्रकोर, देवदूतांची मुंडकी आणि जोडलेले हात, म्हणजे ही 'कोंसेयसांव' सायबीण, निष्कलंक गर्भसंभवाची मारिया. डोक्यावरचं भोक मुकुटासाठी. आमच्या घरच्या सायबिणीला चांदीचा मुकुट आहे, तो फक्त फेस्ताला, म्हणजे तिच्या सणाला, बाहेर निघतो. तुमचा मुकुट कुणीतरी केव्हातरी मोडून खाल्ला असणार, राग मानू नका. पाठ सपाट, कारण ती भिंतीला किंवा आल्ताराला (चर्चमधल्या वेदीला) टेकून उभी राहायची. मागून बघायला कोण येणार होतं?

आणि पोर्तुगालवरून आली असं गोव्यातही घरोघर सांगतात. थोड्या आल्याही. पण बहुतेक इथेच, आपल्याच सुतारांनी कोरलेल्या.

अनुस्वार
फोटो टाका हो. फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय कालवण.

रंगपट
जुन्या रंगीत लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

अशा मूर्तीत लाकूड ही फक्त सुरुवात. आपल्या पट्ट्यात ते बहुतेकदा सागवान. त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचा पांढरा लेप, दोन-चार हात. तो घासून गुळगुळीत केला की जिथे सोनं लावायचं तिथे तांबूस मातीचा पातळ थर. त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्ख घोटून चकाकी आणायची. खरी गंमत त्यानंतर. सोन्यावर रंग चढवायचा आणि तो ओला-सुका असताना टोकदार काडीने खरवडून खालचं सोनं नक्षीत बाहेर काढायचं. झग्यावरची फुलं, वेली, काठ सगळं असं. भरजरी कापडाचा भास होतो. चेहरा आणि हात वेगळ्या हाताचं काम. तिथे सोनं नाही, कातडीचा रंग तेलात, कित्येक पातळ थरांत.

तुमचा 'झगझगीत निळा' वाचून मला धडकी भरली. तो मूळचा नसावा. एनॅमल असेल तर त्याच्याखाली काय काय आहे ते आज सांगता येणार नाही, आणि त्याच्यावर अजून एक हात दिला तर उद्याही येणार नाही. थिनर, रॉकेल, ओलं फडकं, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावू नका. हो, टूथपेस्ट. लोक लावतात.

दर्यावर्दी
@रंगपट, आत्याने गेल्या नाताळला ओल्या फडक्याने पुसली होती. आता सांगू का तिला?

खवचट_खान
सांगा, पण हेल्मेट घालून.

त्रिकालवेत्ता
'आपल्याच सुतारांनी' वगैरे वाचून डोळे पाणावले. जरा पलीकडचंही लिहा. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. सासष्टीतली देवळं पाडली, मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. ज्यांचे देव नदीपलीकडे पळवावे लागले त्यांच्याच हातांना दुसऱ्यांचे देव कोरायला लावले. त्याला 'परंपरा' म्हणायचं?

मधुरा_के
लिहिलंच पाहिजे, त्यात वाद नाही. माझ्या आईचं कुळ शांतादुर्गेचं. पण 'कोरायला लावले' एवढ्यावर भागत नाही. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली, तिने ख्रिस्त्यांना बजावलं की हिंदू कारागिरांकडून मूर्ती आणि चित्रं करून घेऊ नका. म्हणजे राज्यकर्त्यांना ते नको होतं, आणि तरीही चालू होतं. पाद्रींना आल्तार हवे होते, हात इथेच होते, पोट दोघांनाही होतं.

त्रिकालवेत्ता
पोटासाठी केलं म्हणजे राजीखुशीने केलं असं होत नाही. एवढंच म्हणणं आहे.

मधुरा_के
मान्य. नुसती जबरदस्ती होती असंही होत नाही. एवढंच माझं.

च्यारीबाब
दोघांनीही जरा दम खा. मी फोंड्याकडचा, मेस्तांच्या म्हणजे सुतारांच्या घरातला. आजोबा देवळाची पालखी करत आणि इगर्जीचे (चर्चचे) आल्तारही. माझ्या लहानपणी पडवीत एका बाजूला लक्ष्मीनारायणाच्या मखराचे खांब आणि दुसऱ्या बाजूला सांत आंतोनचा (संत अँथनीचा) उजवा हात पडलेला असायचा. नुसता हात. कोपरापासून खुंटी काढलेली, कारण हात नेहमी वेगळा कोरून बसवतात. अख्ख्या ओंडक्यातून पुढे आलेला हात काढायचा तर लाकूड फुकट जातं, आणि तंतू आडवे पडल्यामुळे तो मोडतो लवकर. @दर्यावर्दी, मनगटापाशी बारीक रेघ आहे का बघा. असेल तर तिथे सांधा.

पटाशी आणि हातोडा चालवताना आजोबा गप्प असत. एकदाच विचारलं होतं, "सांताचो म्हूण वेगळें कितें करतात?" म्हणाले, "नाक जरा लांब. बाकी सगळें तेंच."

अवांतर : जुन्या इगर्जींत गेलात तर पाद्री प्रवचन करतो तो लाकडी कठडा खालून बघा. पुष्कळ ठिकाणी तो नागकन्यांनी पेललेला आहे. कमरेपर्यंत बाई, खाली शेपूट. युरोपातल्या जलपऱ्या म्हणून चालून गेल्या असतील. कोरणाऱ्याला त्या नागिणी वाटल्या असतील. कुणी कुणाला विचारलं नसणार!

अनुस्वार
'नाक जरा लांब' _/\_ धागा वसूल.

टेम्सकाठी
लंडनहून. इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गोव्याचे हस्तिदंती 'चांगला मेंढपाळ' आहेत. एकापुढे मी अर्धा तास उभा होतो, शेवटी पहारेकरी येऊन उभा राहिला.

एक टेकडी कोरलेली असते, पायऱ्यापायऱ्यांची. सगळ्यात वर बाळ येशू मांडी दुमडून बसलेला. अंगात लोकरीचा अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा. एक मेंढरू खांद्यावर, एक मांडीवर. डोळे मिटलेले आणि उजव्या हाताची बोटं गालाला टेकलेली, झोप लागते आहे तशी. खालच्या पायरीवर कारंजं, तिथे जनावरं पाणी पिताहेत. तळाशी गुहा, तिच्यात येशूची शिष्या मारिया माग्दालेना आडवी होऊन वाचत पडलेली. सगळं मिळून जेमतेम वीत-दीड वीत. वेगवेगळे तुकडे खुंट्यांनी एकमेकांत बसवलेले. एकेका मेंढराच्या लोकरीचे गोल गोल वळसे मोजता येतात.

बघितल्या बघितल्या मला बुद्ध आठवला. गालावर हात ठेवून विचारात बसलेला बोधिसत्त्व असतो ना, तोच.

त्रिकालवेत्ता
हा बुद्ध फारच सोयीचा आहे हो. सतराव्या शतकातल्या गोव्यातल्या कारागिरानं बुद्ध पाहिला कुठे? गोव्यातून बौद्ध धर्म जाऊन शेकडो वर्षं झाली होती. झोपलेला बाळ येशू युरोपच्या छापील चित्रांतही मिळतो. चित्रं जहाजातून येत, कारागीर ती समोर ठेवून कोरत.

टेम्सकाठी
गोव्यात नसेल, पण जहाजं श्रीलंका, मलाक्का, मकाऊपर्यंत जात होती. मूर्ती फिरत होत्या, माणसं फिरत होती. छापील चित्रातल्या पोराला मांडी घालून बसवायचं कुणाला सुचलं, ते तरी सांगा.

च्यारीबाब
मांडी घालून बसायला बुद्ध कशाला लागतो? माझा नातू तसाच झोपतो.

रंगपट
=)) याच्यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, तेव्हा इथे होणार नाही.

हस्तिदंत निघालाच आहे तर सांगतो. दात मुख्यतः आफ्रिकेतला, मोझांबिकच्या बाजूने दीव आणि गोव्याच्या बंदरांत यायचा. दात मुळात वाकडा, म्हणून उभी मूर्ती कोरली की कमरेत जरा झुकते. काही जणींची ती लडिवाळ ढब कारागिराची कल्पना कमी आणि हत्तीची जास्त. क्रुसावरच्या ख्रिस्ताचे पसरलेले हात एका दातात मावणार कसे? ते वेगळे कोरून खांद्याला जोडलेले असतात. त्यामुळे हात नसलेले ख्रिस्त इतके सापडतात.

हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पांढरा होतो. लोक पिवळेपणा म्हणजे घाण समजून घासतात आणि चेहऱ्यावरचं बारीक काम घालवून बसतात. हाड की हस्तिदंत ओळखायचं तर आडव्या कापावर भिंगातून बघा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते, हाडात बारीक काळपट छिद्रं. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्यालाच टोचा.

कायद्याचं_बोला
कोणी 'आमच्याकडे पण आहे, विकायचंय' लिहायच्या आत लिहून टाकतो. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. हस्तिदंताला तर वन्यजीव कायदा लागतो. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला, आफ्रिकी दाताचा १९९१ च्या. 'आजोबांच्या काळातला आहे हो' हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

@दर्यावर्दी, त्या सामानवाल्याला परवाना दाखवायला सांगा. परत येणार नाही.

दर्यावर्दी
सांगितलं. फोन उचलत नाही आता. :)

फोटो टाकायचा प्रयत्न केला, साइट घेत नाहीये. मनगटावर रेघ आहे! दोन्ही मनगटांवर. आणि डाव्या बाजूला चंद्रकोरीजवळ निळ्या रंगाचा पोपडा सुटलाय, नखाएवढा. खाली पांढरं, आणि कडेला वीटकरी काहीतरी दिसतंय.

रंगपट
वीटकरी?? नख लावू नका. पाया पडतो.

सुमनताई
मी पेणची, माहेर गणपतीच्या कारखान्याचं. वाचताना सारखं घर आठवत होतं. आमच्याकडेही साचा एकाचा, रंग दुसऱ्याचा, आणि डोळ्यांची आखणी मात्र एकाच काकांची. ते आजारी पडले की शंभर गणपती आंधळे उभे. रंगपट म्हणतात तसा चेहऱ्याला वेगळा हात तिथेही होता, हे वाचून बरं वाटलं.

एक शंका. आमच्यात खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, विसर्जन करतात. तुमच्या मावलीचं नाक गेलंय, ते चालतं?

दर्यावर्दी
चालतं ताई. पार मोडली तर आशीर्वादित वस्तू जाळतात किंवा पुरतात, कचऱ्यात टाकत नाहीत. पण नाकाच्या शेंड्यासाठी कोण पुरणार? आजी म्हणायची, मावलीला सर्दी झालीय.

मधुरा_के
वांद्र्याच्या मोतमाउलीचा तर हात तोडला होता. अरब चाचे आले, हातातली वस्तू सोन्याची वाटली म्हणून हातच नेला, असं सांगतात. तरी लोक गेलेच तिच्याकडे. कोळी तर आधी.

आणि शिवोलीचा सांत आंतोन माहीत आहे का? त्याच्या हातात दोरीला बांधलेला साप आहे. इगर्ज बांधताना साप त्रास द्यायचा, तो सांत आंतोनच्या दोरीत अडकलेला सापडला अशी गोष्ट आहे. असा सांत आंतोन पोर्तुगालात शोधून दाखवा. मूर्ती इथे घडली म्हणजे नुसतं लाकूड इथलं नव्हतं, गोष्टही इथलीच चिकटली.

घाटावरचा
वसईचा विषय निघाला आणि घंटा राहिली! १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इगर्जींच्या घंटा देवळांत गेल्या. आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे एक टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मारिया आणि १७०७ साल. शाळेत असताना सहलीला गेलो होतो. गुरुजी म्हणाले, ही देवकी. आम्ही नमस्कार केला.

खवचट_खान
देवकी म्हणजे आपल्याकडची माग्दालेना का?

अनुस्वार
नाही हो, मारियाच. आई ती आई. जरा वाचत जा.

त्रिकालवेत्ता
घंटेचं मात्र कुणी 'सुंदर संगम' म्हणत नाही, लूट म्हणतात. दोन्हीकडे एकच माप लावा.

घाटावरचा
लूटच होती. वाजते मात्र छान.

संपादक
दोन प्रतिसाद काढले आहेत. धर्मांतरावर वेगळा धागा काढा. इथे मूर्तींवर बोला.

टेम्सकाठी
या फेब्रुवारीत येतोय. गोव्यात मूर्ती नीट बघायच्या तर कुठे?

मधुरा_के
ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत (पाद्री घडवण्याच्या शाळेत) सुरू झालं, २००२ पासून जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आहे. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे मूर्ती डोळ्यांच्या पातळीवर दिसतात, हे महत्त्वाचं. इगर्जीत त्या तीन पुरुष उंचीवर असतात.

मग बॉम जेझसमध्ये जा आणि सांत फ्रान्सिस्क शाव्हिएरच्या रांगेत शिरायच्या आधी मुख्य आल्तार बघा. इगर्ज आहे बाळ येशूच्या नावाची. मधोमध उभा आहे धिप्पाड सांत इग्नासियो लोयोला, जेझुइट या पाद्रींच्या संघाचा संस्थापक. बाळ येशू त्याच्या पायाशी, एवढासा. कार्यालयावर नाव एकाचं, खुर्चीत दुसराच, तसं.

चालीसाच्या उपासापर्यंत (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांपर्यंत) थांबणार असाल तर गोवा वेल्हाची संतांची मिरवणूक चुकवू नका. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते. माणसाएवढे सांत खांद्यावर. अशा मिरवणुकींच्या मूर्तींत एक प्रकार असतो, फक्त डोकं आणि हात कोरलेले, आत लाकडी सांगाडा, वरून खरे कपडे. लहानपणी एका सांताचा झगा वाऱ्याने उडाला आणि खाली नुसत्या पट्ट्या दिसल्या. मी दोन रात्री झोपले नाही.

च्यारीबाब
ते सांगाडे दुरुस्तीला आमच्याकडे यायचे. डोकं काढून ठेवलेलं असायचं. आजी त्यावर टॉवेल टाकायची, म्हणायची, "बघता तो."

वाचनमात्र
दहा वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या वाड्यावर सायबीण अजून घरोघर फिरते. एका घरी एक रात्र, लादीन, म्हणजे तिची प्रार्थना, म्हणायचं, उकडलेले चणे वाटायचे, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी पोचवायची. मूर्ती हातभर आहे. किती हातांनी उचलली असेल! उचलायची जागा झिजून गुळगुळीत झाली आहे, तिथे रंग नाहीच, नुसतं लाकूड. आमच्या नव्या पाद्रींनी रंगवून घ्यायचं काढलं होतं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, ती जागा सोडून कुठेही रंगवा.

अनुस्वार
दहा वर्षं कुठे होता हो तुम्ही?

दर्यावर्दी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. रंगपट यांनी खासगी निरोपातून ज्यांचं नाव दिलं त्या बाईंकडे मूर्ती नेली. त्यांनी लगेच काही केलं नाही. आधी नुसतं बघितलं, तासभर, तिरपा दिवा मारून. म्हणाल्या, काळ फोटोवरून किंवा नुसतं बघून सांगणार नाही, पण काम गोव्याच्या वळणाचं वाटतं आणि लाकूड सागवान.

मग माझ्यासमोर, झग्याच्या खालच्या काठाशी, भिंगाखाली बारीक सुरीने एक चौकोन मोकळा केला. पोस्टाच्या तिकिटाएवढा. वरचा निळा निघाला. खाली आणखी एक निळा, जरा फिकट. त्याच्याखाली पांढरा. त्याच्याखाली काळसर हिरवा, आणि त्या हिरव्यात खरवडलेलं एक सोनेरी फूल. पाच पाकळ्या, मधे ठिपका. मी तर काही बोललोच नाही. बाईच म्हणाल्या, बघा, हे इतके दिवस आत होतं.

सगळा निळा काढायला पैसे आणि महिने लागतील, आणि काढावाच असं नाही म्हणाल्या. सुटलेले पोपडे चिकटवून घेतले, वाळवीची जुनी भोकं तपासली, नाक तसंच ठेवलं. तो चौकोन उघडा ठेवलाय.

आता निळ्याचा उलगडा. आत्याला विचारलं, हा रंग कुणी दिला? म्हणाली, "तुझ्या आजोबांनी. पावसाळ्यात होडी रंगवायचे ना, तेव्हा उरलेला. दर दोन-तीन वर्षांनी. होडीला आणि मावलीला एकच रंग, म्हणजे वादळात तिला आपली होडी ओळखू येते."

रंगपट
मागे घेतो. पहिल्या प्रतिसादात मी त्या निळ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. बाईंना ही गोष्ट सांगितलीत का? नोंदीत लिहायला सांगा. तो थरही मूर्तीचाच आहे.

च्यारीबाब
हिरव्यावर सोनं म्हणजे करणाऱ्यानं जीव ओतला होता. आणि रंगवणाऱ्यानंही.

सुमनताई
डोळ्यांत पाणी आणलंत. आत्या काय म्हणाल्या फूल बघून?

दर्यावर्दी
चष्मा लावून बघितलं. "छान आहे," म्हणाली. मग म्हणाली, "पण भोक पाडून ठेवलंय तिथे परत निळा कधी देणार?"